आज्ञावलींची शाकारणी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कोंकणांतील कौलारू घरांवर माणसें चढतात, फुटकीं कौलें काढून नवीं घालतात, सरकलेलीं पुन्हां ओळीस लावतात आणि मुकाट्यानें खालीं उतरतात. घर शाकारलें, असें आपण म्हणतों. नवी माडी बांधली तर सारा गांव पाहावयास येतो; शाकारलेलें घर पाहावयास कोणी येत नाहीं, कारण तेथें पाहण्यासारखें कांहीं नसतेंच. काम नीट झालें याची खूण एवढीच, कीं मृगाच्या पहिल्या सरीला घरांत कोठें थेंब पडत नाहीं.

श्रोतेहो, आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे तें अशाच एका शाकारणीविषयीं. तें घर मात्र लाकूडमातीचें नसून आज्ञांचें आहे. संगणक हें यंत्र आतां कचेरींत, बँकेंत आणि घराघरांत, इतकेंच काय पण खिशांतील दूरध्वनीच्या रूपानेंही आपल्याबरोबर वावरत असतें. त्या यंत्राच्या अवयवांवर आणि त्यावर चालणाऱ्या सर्व कामांवर देखरेख ठेवणारी जी मूळची आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी तिला नुसतें प्रणाली म्हणेन. एकत्र कुटुंबांतील कारभाऱ्याचें काम ती करते. कोणाला किती जागा द्यावयाची, कोणाची पाळी केव्हां, कोठारांतून काय काढावयाचें आणि परक्या माणसाला कोणत्या दारापर्यंत येऊं द्यावयाचें, हें सारें ती ठरविते.

ह्या प्रणालींचें एक मोठें घराणें आहे. त्याचें नांव यूनिक्स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनीं त्याचा पाया घातला. १९७३ मध्यें तें बहुतेक सारें 'सी' ह्या नव्या भाषेंत पुन्हां लिहिलें गेलें, आणि त्यामुळें एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणें सोपें झालें. पुढें तें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींच्या हातीं गेलें. तेथें त्याची एक स्वतंत्र शाखा फुटली. त्या शाखेच्या उपशाखांपैकीं एक म्हणजे ओपनबीएसडी. आपल्यापैकीं फार थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. परंतु अँड्रॉइड दूरध्वनीच्या पोटांतील लिनक्स हें यूनिक्सच्याच वळणाचें आहे, आणि आयफोनच्या प्रणालींत बर्कली शाखेचा अंश उतरला आहे. तेव्हां हा विषय वाटतो तितका दूरचा नाहीं.

ओपनबीएसडीचा जन्म १९९५ सालच्या ऑक्टोबरांत झाला. थिओ डी राट हा तिचा जनक, आणि कॅनडांतील कॅलगरी हें तिचें ठिकाण. नेटबीएसडी नांवाची भगिनीप्रणाली उभी करणाऱ्यांत तो होता. तेथें मतभेद विकोपास गेले आणि त्यानें वेगळी चूल मांडली. वेगळ्या चुली आपल्याला नव्या नाहींत. ह्या चुलीचा विशेष असा, कीं तिला ठिकाणाचाही फायदा झाला. त्या काळीं गूढलेखनाच्या आज्ञावली परदेशीं पाठविण्यावर अमेरिकेचे कडक निर्बंध होते. काम कॅनडांत चालल्यामुळें ते ह्या मंडळींना आडवे आले नाहींत.

ह्या प्रणालीची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं निघते आणि तिचा अंक दर खेपेस एक दशांशानें वाढतो. ५.४ नंतर ५.५, आणि ५.९ नंतर ६.०. पांचाचे सहा झाले म्हणून कोणी तोरण बांधीत नाहीं. त्या सहा महिन्यांतही आधींच्या सहा महिन्यांइतकेंच काम झालेलें असतें. गंमत म्हणून अनेक आवृत्त्यांबरोबर एकेक गाणें आणि फुगणाऱ्या माशाचें एकेक चित्र निघालें आहे. परंतु खरा ऐवज म्हणजे सुधारणांची लांबलचक आणि रुक्ष यादी. अमुक ठिकाणीं माप तपासलें, तमुक ठिकाणीं रिकामी केलेली जागा पुन्हां वापरली जात होती ती थांबविली, माहितीपुस्तिकेंतील चुकीचें वाक्य सुधारलें. वाचणारा दहा ओळींत कंटाळेल. माझ्या मतें संगणकाच्या सबंध वाङ्मयांत ह्या याद्यांइतकें प्रामाणिक लेखन दुसरें नाहीं.

आज्ञावलींतील दोषाला इंग्रजींत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. १९४७ सालच्या सप्टेंबरांत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू यंत्रांत खरोखरीच एक पतंग सांपडला आणि तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला, ही हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रांतही तो ह्याच अर्थानें आला आहे. पतंग चिमट्यानें काढतां येतो. आज्ञावलींतला किडा बहुधा लिहिणाऱ्याच्या एका गृहीतकांत असतो, आणि तें गृहीतक कागदावर कोठेंच लिहिलेलें नसतें.

१९९६ च्या उन्हाळ्यापासून ह्या मंडळींनीं एक खटाटोप आरंभिला. सहापासून बारापर्यंत माणसांनीं प्रणालीची एकेक फाइल घेऊन ती ओळीनें वाचावयाची. कोणी तक्रार केली म्हणून नव्हे, कीं चोरी झाली म्हणून नव्हे. नुसती वाचावयाची आणि जेथें चूक दिसेल तेथें ती दुरुस्त करावयाची. त्या चुकीचा फायदा कोणाला घेतां येईल काय, हा वाद घालीत बसावयाचें नाहीं. ह्याहून महत्त्वाची त्यांची दुसरी रीति. एका ठिकाणीं एक चूक सांपडली कीं तशाच जातीची चूक आणखी कोठें आहे हें सबंध प्रणालींत शोधावयाचें. माणसाच्या चुका एकेकट्या येत नाहींत, त्या संवयीच्या असतात. ज्या हातानें येथें माप मोजलें नाहीं त्यानें तें तेथेंही मोजलें नसण्याचा संभव फार. अशा वाचनांत पुष्कळदां असें निघालें, कीं बाहेर कोणी नवा धोका जाहीर करावा आणि येथें तो वर्षापूर्वींच, धोका आहे हें न कळतां, केवळ चूक म्हणून दुरुस्त झालेला असावा.

ह्या मापाच्या चुकीविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. पायलीभर धान्य शेराच्या मापांत ओतलें तर उरलेलें खालीं सांडतें आणि तें आपल्या डोळ्यांना दिसतें. संगणकाच्या स्मृतींत मात्र सांडलेलें शेजारच्या मापांत जाऊन पडतें आणि तेथें जें असेल तें बिघडवितें. शेजारीं जर 'हें काम आटोपल्यावर पुढें कोठें जावयाचें' ही खूण ठेवलेली असेल, तर तिच्या जागीं आपली खूण पाडून लबाड माणूस यंत्राला आपल्या दारीं नेऊं शकतो. सी भाषेंतील अक्षरें उतरवून घेण्याच्या जुन्या सोयी अशा डोळे मिटून ओतणाऱ्या आहेत. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं मॉरिस वर्म ह्या नांवानें प्रसिद्ध झालेली एक आज्ञावली अमेरिकेंतील संगणकांच्या जाळ्यांत सुटली. तिनें ज्या दारांनीं शिरकाव केला त्यांपैकीं एक दार हेंच होतें. सुमारें ६ हजार यंत्रें तिनें जेरीस आणलीं, असा त्या वेळचा अंदाज होता.

टॉड मिलर आणि थिओ डी राट ह्यांनीं १९९८ च्या सुमारास त्या जुन्या सोयींच्या जागीं 'एसटीआरएलसीपीवाय' नांवाची एक लहानशी सोय लिहिली. ओतण्यापूर्वीं भांड्याचें माप तिला सांगावें लागतें. तेवढेंच ती ओतते, वरून झांकण घालते आणि मूळ माल किती होता तें सांगते. झांकण म्हणजे शेवटची शून्याची खूण. ह्यांत कल्पकता अशी फारशी नाहीं. सर्व जग तिचें स्वागत करील असें वाटावें. परंतु लिनक्सवर सर्रास चालणाऱ्या ग्नूच्या सी-ग्रंथालयानें ती वर्षानुवर्षें नाकारली. जास्तीचा माल मुकाट्यानें कापला जातो, हाही दोषच, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें म्हणवत नाहीं. अखेर २०२३ च्या ऑगस्टांत त्या ग्रंथालयाच्या २.३८ ह्या आवृत्तींत ती दाखल झाली. एवढ्याशा सुधारणेला पंचवीस वर्षें लागलीं!

पंचवीस वर्षांवरून आठवलें. २००८ सालीं ओपनबीएसडींत दोन जुन्या दोषांचा छडा लागला. त्यांची कथा गुप्तहेरकथेपेक्षां कमी रंजक नाहीं. पहिला दोष मे महिन्यांत मार्क बाल्मर ह्या स्विस गृहस्थाच्या हातीं आला. सांबा नांवाची एक आज्ञावली आहे; ती यूनिक्सच्या यंत्रावरील फायली विंडोजच्या यंत्रांना पुरविते. तिच्या वागण्यांतील एका बिघाडाची तक्रार आली होती. फायलींची यादी वाचतांना मध्येंच थांबावें, बोट ठेवावें आणि नंतर त्या बोटापासून पुढें वाचावें, अशी एक सोय यूनिक्सांत आहे. यादी ठोकळ्याठोकळ्यांनीं ठेवलेली असते. एखाद्या ठोकळ्यांतील पहिलेंच नांव मधल्या वेळांत खोडलें गेलें तर बोट आपल्या जागीं न येतां एक घर चुकत असे. बाल्मरनें मागोवा घेतला तेव्हां हा दोष बर्कलीच्या १९८३ सालच्या ४.२ आवृत्तीपासून चालत आल्याचें दिसलें, आणि त्या वंशांतील इतर प्रणालींतही तो होता. सांबा लिहिणाऱ्यांना कांहींतरी बिनसतें हें ठाऊक होतें; त्यांनीं आपल्या बाजूनें त्याला वळसा घालून वाट काढली होती. रस्त्यांतला खड्डा पंचवीस वर्षें चुकवून चालावें आणि तो बुजविण्याचें कोणाच्या मनांत येऊं नये, असा हा प्रकार. वळसा घालणाऱ्याला मी फारसा दोष देत नाहीं, कारण त्याला त्या दिवशीं पोंचावयाचें असतें. परंतु दर वळशाबरोबर खड्ड्याचें आयुष्य वाढतें, हेंही खरें.

दुसरा दोष त्याच वर्षीं जुलैंत ऑटो मुर्बेक ह्या डच गृहस्थाला सांपडला, आणि तो तेहतीस वर्षांचा होता. मुर्बेक स्मृतींतील जागा वांटून देणारी व्यवस्था नव्यानें लिहीत होता. मागणाऱ्याला दिलेली जागा पानाच्या शक्य तितक्या कांठाशीं नेऊन ठेवावयाची, म्हणजे कोणी एक पाऊल जरी हद्दीबाहेर टाकलें तरी तो तत्काळ दरींत पडून उघडा पडेल, अशी त्याची युक्ति होती. ही व्यवस्था एका जातीच्या यंत्रावर चालवून पाहतांना एक मोठी आज्ञावली भाषांतरित होतांना मध्येंच कोसळूं लागली. कोणालाही प्रथम नव्या व्यवस्थेचाच संशय यावा. पण पाठपुरावा करतां करतां तो 'याक' नांवाच्या साधनाशीं येऊन पोंचला. भाषेच्या व्याकरणाचे नियम दिले असतां तें समजणारी आज्ञावली तयार करून देणारें हें साधन. तें सत्तरीच्या दशकांत बेल प्रयोगशाळेंत झालें. त्याची रास कांठोकांठ भरलेली असतां, विशिष्ट नियमाच्या वेळीं, तें राशीपलीकडच्या एका घरांत डोकावत असे. तेथें मिळणारें मूल्य तें वापरीतही नसे! नुसतें डोकावणें. इतकीं वर्षें पलीकडे नेहमीं कांहीं ना कांहीं जमीन असे म्हणून पाऊल निभावलें. मुर्बेकनें तेथें दरी आणून ठेवली तेव्हां तें कळलें. ती ओळ १९७५ च्या सहाव्या यूनिक्स आवृत्तीपर्यंत मागें जात होती.

आतां ह्या मंडळींच्या स्वतःच्या चुकांकडे वळतों. कारण दुसऱ्याचीं कौलें बसविणाऱ्याच्या घरांत गळत नाहीं असें थोडेंच आहे? १९९९ च्या डिसेंबरांत त्यांनीं ओपनएसएसएच ही आज्ञावली प्रसिद्ध केली. दूरच्या संगणकावर गूढलेखनाच्या आडून सुरक्षितपणें काम करण्याचें हें साधन आज जवळजवळ सर्व यूनिक्सवळणाच्या यंत्रांवर वापरलें जातें. दारांत आलेल्या माणसानें ठराविक वेळांत आपली ओळख पटविली नाहीं तर एक घंटा वाजते, चाललेलें काम जेथल्या तेथें थांबतें आणि त्याची नोंद वहींत केली जाते. नोंद करण्याची सामान्य सोय अशी अर्ध्यांत दामटण्याजोगी नसते. जेवणाऱ्याचा घांस घशांत असतांना त्याला धांवावयास लावण्यासारखें तें आहे. ह्यांतून निघणारा दोष २००६ मध्यें दुरुस्त झाला होता. २०२० च्या ऑक्टोबरांत नोंदींच्या व्यवस्थेची पुनर्रचना करतांना त्या दुरुस्तींतला एक लहानसा भाग अनवधानानें गळला, आणि दोष परत आला. २०२४ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस क्वालिस ह्या संस्थेनें तो जाहीर केला. त्याच दिवशीं ९.८ ही दुरुस्त आवृत्ति निघाली. मधल्या काळांत लिनक्सवरील असंख्य यंत्रें उघडीं होतीं. ओपनबीएसडी स्वतः मात्र वांचली, कारण तिनें २००१ मध्येंच नोंद करण्याची एक निराळी, अर्ध्यांत थांबविली तरी न बिघडणारी सोय लिहून ठेवली होती. तेवीस वर्षांपूर्वीं टाकलेला टांका असा उपयोगीं पडला. तरीही लक्षांत राहतें तें हें, कीं दुरुस्तीही हरवते. ती कां केली होती हें पुढच्या हाताला कळलें नाहीं तर तो तिला अडगळ समजून काढून टाकतो.

आपल्या प्रणालींत दूरवरून शिरतां येण्याजोगें भोंक पांच वर्षांत एकही निघालें नाहीं, असें एक घोषवाक्य त्यांच्या फलकावर पूर्वीं असे. २००२ मध्यें एक निघालें. वाक्यांत 'एक' असें लिहिलें गेलें. २००७ मध्यें दुसरें निघालें. तेथें 'दोन' झाले. जाहिरातींतला आंकडा आपल्या हातानें वाढविणारे व्यापारी मीं तरी फार पाहिले नाहींत.

सुधारणा म्हणजे नेहमीं भर घालणेंच नव्हे. २०१४ च्या एप्रिलांत हार्टब्लीड ह्या नांवानें गाजलेला दोष ओपनएसएसएल ह्या गूढलेखनाच्या ग्रंथालयांत उघडकीस आला. मागणाऱ्यानें सांगितलेलें माप न तपासतां स्मृतींतील शेजारचा मजकूर त्याला काढून दिला जात होता. ओपनबीएसडीच्या मंडळींनीं त्या ग्रंथालयाची प्रत घेतली, तिला लिबरएसएसएल असें नांव दिलें आणि पहिल्या आठवड्यांतच सुमारें ९० हजार ओळी काढून टाकल्या. त्यांतल्या कित्येक, केव्हांच मोडींत गेलेल्या यंत्रांसाठीं होत्या. नाहींशी झालेली ओळ कधीं चुकत नाहीं. परंतु ह्या शिस्तीचे चटकेही बसतात. ब्लूटूथची सोय त्यांनीं त्याच वर्षीं काढून टाकली, कारण ती नीट चालत नव्हती आणि तिला कोणी वाली नव्हता. वेगाच्या बाबतींत ही प्रणाली लिनक्सच्या मागें आहे, आणि पुष्कळ नव्या उपकरणांशीं तिचें जमत नाहीं. घरच्या रोजच्या वापरासाठीं ती घ्या, असें मी सांगणार नाहीं. तिच्यांत मुरलेल्या सोयी इतरांच्या घरीं जाऊन पोंचतात, हें तिचें देणें आहे.

आणि ह्या देण्याची जगानें काय किंमत केली? कॅलगरींतील यंत्रें, निरनिराळ्या जातींचीं, जुनींही, थिओ डी राटच्या घराच्या तळघरांत चालत असत. २०१४ च्या जानेवारींत त्यांच्या विजेचें बिल भरावयास पैसे नाहींत अशी पाळी आली. वर्षाची रक्कम होती सुमारें २० हजार कॅनेडियन डॉलर. ज्या कंपन्यांचीं हजारों यंत्रें रोज ओपनएसएसएचच्या दारानें उघडतात त्यांच्यापैकीं एखादीच्या चहापाण्याचा खर्च ह्याहून अधिक असावा. जाहीर विनंति करावी लागली, प्रकल्प बंद पडेल असा इशारा द्यावा लागला, तेव्हां देणग्या आल्या आणि संकट टळलें. घर शाकारणाऱ्याची मजुरी थकविणें ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाहीं. फरक इतकाच कीं येथें छप्पर सर्वांचें होतें आणि मालक कोणीच नव्हता.

त्याच वर्षाच्या १ मे रोजीं ५.५ ही आवृत्ति निघाली. तिच्यांत एक मोठा बदल होता. यूनिक्स घराणें काळ मोजतें तें १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून, सेकंदांनीं. जुन्या पद्धतींत ह्या आंकड्याला बत्तीस घरें दिलेलीं असत, आणि त्यांत मावणारा सर्वांत मोठा आंकडा २,१४,७४,८३,६४७ हा होय. तो १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं, भरतो. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचें पंचांग १९०१ च्या डिसेंबरांत जाऊन पडेल. ओपनबीएसडीनें आपल्या सर्व जातींच्या यंत्रांवर, अगदीं जुन्यांवरही, ह्या आंकड्याला चौसष्ट घरें दिलीं. आतां तो २९२ अब्ज वर्षें पुरेल. बदल एका शब्दाचा. परंतु काळाशीं संबंध असलेली प्रत्येक ओळ त्यासाठीं पुन्हां वाचावी लागली, आणि आधींच्या आवृत्तीसाठीं तयार केलेल्या आज्ञावली नव्या प्रणालीवर चालेनाशा झाल्या. त्या सर्व नव्यानें बांधाव्या लागल्या. जुन्यासाठीं एक खिडकी उघडी ठेवावी, असा मोह इतरांना झाला असता. ह्यांनीं ती ठेवली नाहीं, आणि माझ्या मतें तें योग्य केलें.

संगणक आणि दूरध्वनी आपण कांहीं वर्षांनीं बदलतों, त्यामुळें त्यांची मला तितकी काळजी नाहीं. भिंतींत, जिन्याखालीं आणि कारखान्यांत बसविलेलीं लहान यंत्रें तशीं नसतात. एकदां बसविलीं कीं त्यांच्याकडे पंधरा-पंधरा वर्षें कोणी पाहत नाहीं. ज्यांच्या इमारतींत अथवा कचेरींत अशीं यंत्रें नव्यानें घेण्याचें घाटत असेल, त्यांनीं विकणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: ह्यांतील घड्याळ बत्तीस घरांचें आहे कीं चौसष्ट? उत्तर येईपर्यंत पैसे देऊं नयेत.